पश्चिमेची काच

तळमजल्यावर होतो तेव्हा
टाकीतलं पाणी कधी हिरवं झालं नाही.
शेवाळालाही लागतं ते ऊनच नव्हतं.
ट्यूबलाइटच्या उजेडात चार पिवळे सिक्लिड
आणि एक निळा, भांडकुदळ,
एकाच कपारीवरून रोज तीच मारामारी करायचे.
बाबा रात्रपाळीहून येऊन, बूट न काढता, बघत बसायचे.
टाकी त्यांनीच चिकटवलेली.

कन्नमवार नगरातली ती बिल्डिंग पडली, ही उभी राहिली.
आता अकराव्या मजल्यावर
साडेतीनला ऊन येतं ते थेट हॉलमध्ये,
बाबांच्या पलंगावरून सरकतं
आणि टाकीवर जाऊन बसतं.
पंधरवड्यात काच हिरवी, दगड हिरवे,
फिल्टरच्या नळीला मखमल.
मी म्हटलं, पडदा लावू.
आई म्हणाली, अठ्ठावीस वर्षं
भरदिवसा दिवा लावून तांदूळ निवडले.
पडदा नाही.

म्हणून कुर्ल्याला गेलो, रविवारी.
नौशादने सहा गोगलगायी मोजून दिल्या,
सुपारीएवढ्या, काळ्यावर पिवळे पट्टे.
शेवाल तो चाटेगी, म्हणाला,
लेकिन तुम्हारा नीला हरामी है, देख लेना.
वर मूठभर शिंपल्यांचा चुरा फुकट:
मुंबईचं पाणी मऊ, त्यात कवच झिजतं.
मऊ पाण्याचं हे मला माहीत नव्हतं.

आईने पिशवी उजेडात धरली.
गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणाली.
ही म्हण आजवर फक्त थोरल्या काकूच्या वाट्याला आलेली.

पहिल्या रात्री काचेवर एक वाट उमटली,
बोटभर रुंद, वाकडी,
आणि त्या वाटेतून पलीकडचा पलंग दिसला,
उशी, बाबांचा कान.
दुसऱ्या रात्री खांदा.
आठवड्याने ते जवळजवळ पूर्ण दिसायला लागले.

निळ्याला हे पटलं नाही.
तो त्यांची शिंगं खुडायचा,
खालून ढुशी देऊन त्यांना काचेवरून पाडायचा.
वाळूत उताणी पडलेली गोगलगाय
आपली आपण सुलटी होत नाही फारशी.
झाकण लावून घेते आणि थांबते.
एक अशीच थांबली होती; निळा थांबला नाही.
एक रात्रीत टाकीबाहेर पडली.
मला वाटलं, स्वयंपाकघराकडे गेली असेल,
तिथल्या खिडकीतून खाडी दिसते.
तसलं काही नव्हतं. फ्रीजमागे सापडली,
धुळीने माखलेली, जिवंत.

मग दगडांवर पांढरे ठिपके आले,
तिळगुळातल्या तिळांसारखे, नखाने न निघणारे.
अंडी. नौशाद फोनवर हसला:
इधर नहीं फूटेगा भाई, उनको खाडी का खारा पानी मंगता.
मी ओट्याशी उभा राहून
भरतीचं मातकट पाणी बघत राहिलो थोडा वेळ.
आई म्हणाली, दुधावर लक्ष दे.

बाबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते.
डावा हात आधी, मग गुडघा, मग कमरेखाली उशी.
वहीत वेळा लिहिलेल्या आहेत, तिच्या अक्षरात,
रात्री दोनच्या, चारच्यासुद्धा.
मी करतो म्हटलं की म्हणते, तुला जमत नाही, ओढतोस.

आज पहाटे जाग आली.
बाबांना भिंतीकडे वळवून झालं होतं.
आई टाकीपाशी, स्टुलावर चढून,
बाही कोपरापर्यंत सारलेली,
हातात स्वेटरची लांब सुई.
निळा सुईवर धावून येत होता.
हो बाजूला, मेल्या, ती म्हणत होती, हळू आवाजात,
घर झोपलेलं असताना बोलतात तसं.
एक सुलटी केली. दुसरी.
तिसरी वाळूत अर्धी रुतलेली,
तिच्याखाली सुई घालायला वेळ लागला.
ती रिकामी होती. दोन आठवड्यांपूर्वीचीच.
मी म्हटलं, आई, त्यात काही नाही आता.
माहीत आहे, म्हणाली,
आणि तीही सुलटी करून ठेवली.