सर्वात लांब पेशी

घटक चाचणी. नववी ब. गुण वीस.
झेरॉक्स थेट पांढरकवड्याला, म्हणून प्रश्न फळ्यावरच लिहिले.
खडू दमट होता,
शेवटचे दोन मागच्या बाकाला दिसलेच नाहीत.

आता रात्रीचे साडेनऊ,
एक्केचाळीस पेपर आणि एक लाल पेन.

पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते?
युगांत नगराळे लिहितो, तंतुकणिका,
आणि खाली, कोणी विचारलं नसताना,
'हे रात्री पण चालू राहते, आमची डीपी राहत नाही.'
एक गुण. शेऱ्याची जागा कोरी सोडली.

अन्नसाखळी पूर्ण करा.
गवत, रानडुक्कर, वाघ,
वनखात्याचा पंचनामा.
विघटकाच्या जागी पंचनामा चालेल का?
शून्य दिला. मग अर्धा.

अनैच्छिक स्नायूचे उदाहरण:
'हृदय. तोंडी परीक्षेत गुडघे.'
हा सूरज बोबडे. नाव बघायची गरज नाही.

प्रश्न सातवा. सर्वात लांब पेशी कोणती?
चाळीस जणांनी लिहिलं, चेतापेशी,
त्यातल्या एकोणीस जणांनी शुद्धलेखनाच्या एकाच चुकीसकट.
करिश्मा टेकामनं लिहिलं,
कापसाचा धागा.

फुली मारली, इतक्या जोरात
की मागच्या पानावर उमटली.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. ती भांडली नाही.
घडी घालून दप्तरात ठेवत होती,
मीच म्हटलं, काहून वं, कापूस कुठून आणला मंधात?

'वेचणीले जातो ना सर मी, रविवारी.
एक धागा सरकीपासून उपटला,
नखानं वढत वढत शेवटपावेतो नेला.
कांद्याच्या पापुद्र्यात तुमी भितीच भिती दाखवल्या होत्या,
याले एकबी लागली नाही.
सांधाच नाही मंधात. मंग एकच पेशी असन ना.'

नखाला भिंती लागत नसतात, मी म्हणालो.
'हाव सर,' म्हणून ती बसली.

शाळा सुटली. मारोतराव शिपाई कुलूप घेऊन दारात.
मी कपाटातून सूक्ष्मदर्शी काढला,
शाळेचा एकुलता एक, आरसा तडकलेला,
खिडकीतलं उतरतं ऊन पकडलं,
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत
पट्टी सरकवत गेलो.

चपटा, पिळलेला, रिबिनीसारखा.
आडवी भिंत एकही नाही.

घरी जाऊन बी.एस्सी.चं पुस्तक उघडलं.
सरकीच्या सालीवरची एक पेशी,
फूल उमलतं त्याच दिवशी लांबायला लागते.
खाली रेघ मारलेली.
माझ्याच हातची.

शाळेच्या मागे पऱ्हाटी, पुढे पऱ्हाटी,
आणि सतरा वर्षं ज्या पुंजक्यानं मी हे भिंग पुसत आलो
तो तिथंच, डबीत, भिंगापासून वीतभर.

तरी उत्तर चूकच.
चेतापेशी कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, मीटरभर,
धागा तीन सेंटिमीटर.
नियमानं चूक.
पण चेतापेशी त्या चाळीसांपैकी कोणी
वढून बघितली नव्हती.
मीही नाही.

सकाळी तिचा पेपर परत मागितला.
फुली खोडता येईना,
शेजारी एक लिहिला.

'सर, फुलीबी हाये अन् एकबी हाये.
कोणतं धरू?'

आधी बघ, म्हटलं.
ती वाकली. वेणी पुढे आली, तिनं मागे टाकली,
एक डोळा मिटला,
आणि इतका वेळ काही बोललीच नाही
की मागची रांग ओरडायला लागली.