पासंग

काळजाच्या नावावर आपल्याकडे किती म्हणी.
काळीज तुटतं, फाटतं, सुपाएवढं होतं,
लेक तर बापाच्या काळजाचा तुकडाच.
खाटकाला विचारा, तो खरं सांगेल:
काळीज म्हणजे यकृत.
उजव्या बरगड्यांखाली, तपकिरी, ओलं, दीड किलो.
पित्ताच्या खात्यावरही बरंच जमा आहे.
माझ्या सासऱ्यांचं रोज सकाळी खवळतं,
पेपरचं दुसरं पान उलटताना.

स्वादुपिंडाला मात्र एक म्हण नाही.
कुणी त्याची शपथ घेत नाही,
कुणाचं ते कुणावर जडत नाही.
जठरामागे आडवं पडलेलं असतं,
पाहुण्यांच्या गर्दीत आतल्या खोलीत निजलेल्या माणसासारखं.
मीसुद्धा कोपरखैरण्याच्या शाळेत अकरा वर्षं
सातवी ब च्या फळ्यावर ते कणसासारखं काढलं
आणि घंटेच्या आधी एका वाक्यात उरकलं.

मग फेब्रुवारीतल्या एका रात्री नाना
कांदा-बटाटा मार्केटमधून घरी आले ते दुमडून,
अर्ध्या रिकाम्या पोत्यासारखे.
हैबती घाडगे, तोलणार, चाळीस वर्षं काट्यापाशी उभे,
कधी बसलेले कुणी पाहिले नाहीत.

"खडा आहे," वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टर सबनीस म्हणाल्या,
"मसुराएवढा. पित्ताशयातून निसटून दाराशी अडकलाय."
कुठलं दार, ते मला माहीत होतं.
दरवर्षी पिवळ्या खडूनं मीच काढते:
वरून उतरते पित्ताची नळी,
बाजूनं येते स्वादुपिंडाची,
आणि दोघी एकाच उंबऱ्यावरून लहान आतड्यात पाय टाकतात.

नानांना मी बाजारातून समजावलं.
जठरातून जे येतं ते आंबट, पातळ, अर्धंकच्चं.
स्वादुपिंड आधी त्यात सोडा कालवतं, आंबटपणा मोडतं.
पित्त तेलाच्या तवंगाला भिडतं,
राखेनं कढई घासावी तसं,
थेंबाचे बारीक बारीक थेंब करतं.
मग स्वादुपिंडाचे पाचक रस कामाला लागतात,
भाकरीची साखर करायला, डाळीचे धागे उसवायला,
तेलाच्या थेंबांचा भुगा पाडायला.
रक्तात गेलेला माल आधी यकृताच्या गाळ्यावर उतरतो:
हे आज वाटा, हे थप्पीला लावा,
हे विषारी आहे, बाहेर काढा.

"आणि गेटात टेम्पो आडवा झाला, की?"
नाना डोळे मिटूनच म्हणाले.

तेच तर.
हे रस इतके धारदार, नाना,
की स्वादुपिंड त्यांना कुलूप लावून पाठवतं,
किल्ली आतड्यात.
दार तुंबलं, की कुलपं घरातच उघडतात
आणि ज्यानं दुसऱ्याचं जेवण पचवायचं
ते स्वतःलाच पचवू लागतं.

यावर ते काही बोलले नाहीत.
सलाईनचे थेंब मोजत राहिले,
तोलणाऱ्याची सवय.
तीन दिवस तोंडात पाणीसुद्धा नाही.
आम्ही बाहेरच्या बाकावर वडापाव खायचो,
कागदाचा आवाज होऊ न देता.

चौथ्या रात्री दुर्बीण आत घालून खडा काढला.
पित्ताशय पुढच्या आठवड्यात काढायचं ठरलं.
सहाव्या दिवशी पेज आली, स्टीलच्या वाटीत,
वर दोन चिमटी मीठ.
पहिला घोट त्यांनी बराच वेळ तोंडात धरला,
खाली सोडायचा की नाही, जणू आतल्या माणसाला विचारत.

मग म्हणाले, "भरतं किती गं ते?"
"काय?"
"तुझं ते. स्वादुपिंड."
"ऐंशी ग्रॅम. फार तर शंभर."
"आणि काळीज?"
"दीड किलो."

नाना हसले, पोटाला हात लावून, जपून.
"म्हंजे पासंग.
पोरी, पारड्याखाली चिकटवलेला तो एवढासा तुकडा,
गिऱ्हाईक त्याच्याकडं बघत नाही.
पण तो पडला,
तर माझा काटा शेराला सव्वा शेर बोलतो."

वाटी माझ्याकडे सरकवली.
"अजून थोडी आण. आणि मीठ कमी घाल म्हणावं."