शंभरनंतर

शंभरावी लेव्हल आली तेव्हा
पडद्यावर सोनेरी ठिणग्या उडाल्या,
कुठेतरी तुतारी वाजली,
आणि तीन वर्षं मुंगीच्या पावलांनी भरत गेलेली
ती खालची निळी पट्टी
पुसली गेली.
तिच्या जागी काही आलं नाही.

मला वाटलं, झालं, संपलं.
खेकडा म्हणाला, "सानाए-सान, आत्ता कुठे सुरुवात."

खेकडा म्हणजे लोखंडी खेकडा. आओमोरीचा, ट्रक चालवायचा.
खरं नाव त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
ढाल-भाला घेऊन तो पुढे उभा राहायचा, मार खायचा,
मी मागून त्याच्या जखमा भरायचे,
इथे कुशिरोत, हीटरला पाय टेकून,
दोनशे पोरांचं सूप ढवळून आलेल्या हातांनी.

मंगळवारी संध्याकाळी पाचला सगळं कोरं होतं.
मेलेले उठून आपापल्या जागी उभे,
पेट्यांना पुन्हा कुलपं.
मग आम्ही आठ जण अकराव्या मजल्यावर, काजळराणीपुढे.
नीगाताची कुरुमी, दातांची डॉक्टर होणार आहे;
ओकिनावाचं जोडपं, बाळ रडलं की
दोघांपैकी एक "आलोच" म्हणून तिथेच मरून पडतं;
सेंदाईचे दोघे भाऊ, राणीपेक्षा एकमेकांशीच जास्त लढणारे;
आणि एक धनुर्धारी, वय माहीत नाही,
दोनच गोष्टी टाइप करतो: "हो", "माफ करा".

चौथ्या टप्प्यात जमीन वितळते.
आम्ही वितळलो. एकशे चौदा वेळा.
कुरुमीच्या वहीत तारखांसकट लिहिलंय.
खेकडा म्हणायचा, राणीच्या पेटीतून भाला निघाला
तर हायवेवरच्या त्याच्या ठरलेल्या टपरीत
सगळ्यांना रामेन, वर उकडलेलं अंडं.
दोन वर्षं निघाले ते नुसते झगे.

फेब्रुवारीत तो आला नाही.
यादीत नाव राखाडी. शेवटचे दिसले: चार दिवसांपूर्वी.
मग चाळीस.
मग गेमनंही मोजणं सोडलं:
शेवटचे दिसले: बऱ्याच दिवसांपूर्वी.

कोबेचा एक मुलगा घेतला त्याच्या जागी.
कुऱ्हाडवाला, नम्र, खेकड्यापेक्षा चपळ.
खेकडा नेहमी अर्धा श्वास उशिरा वळायचा,
माझं बोट अजून त्या अर्ध्या श्वासासाठी
आधीच पडतं,
आणि न झालेल्या जखमेवर औषध सांडतं.

जूनमध्ये पडली राणी.
बाहेर धुकं इतकं की बंदराचा भोंगा
माझ्याच खोलीत वाजल्यासारखा.
कुणी ओरडलं नाही. ओकिनावात बाळ रडत होतं
आणि पहिल्यांदाच दोघंही जागेवर होते.

पेटी उघडली. भाला.

पाच मिनिटं असतात: हवा किंवा नको.
सगळ्यांनी नको म्हटलं तर वस्तू विरघळते.
कोबेचा मुलगा म्हणाला, विकला तर खूप येतील.
तो चुकीचं बोलला नव्हता.
कुणी उत्तर दिलं नाही.
मग एकेक: नको. नको. भावांचं एकदम, नको.
धनुर्धारी: "माफ करा."
कुरुमी हळूच म्हणाली, "सानाए-सान, तुम्ही."

बावीस सेकंद उरले होते. माझी पिशवी भरलेली.
औषधाची एक बाटली जमिनीवर टाकली
आणि हवा दाबलं.
लाल अक्षरं आली:
हे शस्त्र तुम्हाला धारण करता येणार नाही.
माहीत आहे, मी मोठ्यानं म्हणाले, हीटरला.

सकाळी मुळे सोलले, दोनशे पोरांचे.
मंगळवारी पाचला राणी पुन्हा उभी,
तिला काही आठवत नाही.
आम्ही पुन्हा खाली जातो.
चाळीस बाटल्या मावायच्या माझ्या पिशवीत.
आता एकोणचाळीस नेते,
आणि शेवटी शेवटी, चौथ्या टप्प्यात,
ती एक कमी पडते.