चौदा पायऱ्यांची

शिडी आमची आहे
असं आईचं म्हणणं.
बाबांनी मारेगावच्या बाजारातून
दोन बांबू खांद्यावर आणले,
तुळशीराम आत्रामनं अंगणात बसून
चौदा पायऱ्या घातल्या,
आणि नेली पायलीभर तूर
वर बाबांची जुनी छत्री.

कामही तिला एकच:
वर्षातून एकदा कवेलू फेरायचे.
बाकीच्या दिवसांत
ती घरी दिसल्याचं
मला तरी आठवत नाही.

परवा वांदरांनी कवेलू सरकवले.
चैताचं ऊन नेमकं आईच्या उशीवर.
ती बाज सरकवते,
ऊन मागं मागं येतं.
दुपारपर्यंत दोघं दारापाशी पोचले.
"जाय, शिडी पाह्य कुठं हाय थे."

ढोल्यांकडे नव्हती.
"सुमनबाईनं नेली, होळीच्याही आंधी."
चहा मात्र घ्यावाच लागला.

सुमनबाई कोहपरेनं मुंगण्याच्या शेंगांची
एक जुडी काखेत कोंबली.
"तुह्याच शिडीनं काढल्या, नाई कसा म्हंतं?
शिडी? थे त पोराइनं विहारात नेली,
जयंतीच्या पताका लावाले."

विहारात पताका होत्या,
निळ्या, ताणून बांधलेल्या.
वासनिकांचा रोशन म्हणाला,
"रात्रीच नेली ना, रहीमचाचाच्या विहिरीवर."

चार दिवसांचं वासरू पडलं होतं आत.
जन्मभर वर टेकलेली आमची शिडी
पहिल्यांदाच
खाली सोडली दोरानं.
तीन पायऱ्या मोडल्या म्हणे.
वासरू गोठ्यात उभं होतं,
पाय थरथरत,
आणि जुबेदाचाचीनं चिकाचा डबा हातात दिला.
"अम्मीला सांग, गूळ जरा जास्त टाक.
शिडी जंगलूकडे गेली,
मोडलं तेही तोच बसवणार होता."

नाल्याकाठी चिंचेला ती टेकलेली सापडली.
मोजल्या मी.
चौदाच.
पण बांबूच्या पाचच उरलेल्या,
चार बाभळीच्या, दोन सागाच्या,
एक लोखंडी सळई, कुण्या खिडकीची,
आणि दोन अशा लाकडाच्या
की ते लाकूड मला ओळखता आलं नाही.
तुळशीराम जाऊन सात वर्षं झाली.
कुणी कधी काय बसवलं
कुणीच सांगायला आलं नव्हतं.

"जंगलूबा, शिडी पाह्यजे होती."
पानांतून आवाज आला,
"ने ना. तुहीच हाय.
पण मी वर हाओ."

मग बसलो खाली.
काखेत शेंगा, मांडीवर डबा,
डोक्यावर टपटप चिंचा.
त्याच्या पोत्यात भरत राहिलो
ऊन उतरेपर्यंत.

परतताना तो पुढं, मी मागं,
मधे शिडी आडवी,
सळईला शेंगांची जुडी लटकवलेली,
डबा हलू नये म्हणून
दोघंही हळू चालत होतो.
वाटेत तिघांनी विचारलं,
"कोनाकडं चालली?"

चढला तोच.
म्हातारा, पण मला चढू देईना.
कवेलू बसवत वरूनच ओरडला,
"भाबी, आनखी कुठं दिसते काय आभाय?"
आई बराच वेळ वर पाहत राहिली.
"चुलीवरचं थे एक राहू दे," म्हणाली,
"तांदूळ निवडाले बरं पडते."

रात्री शिडी भिंतीला होती.
सकाळी नव्हती.
आईनं विचारलं नाही, मीही नाही.

जुबेदाचाचीचा डबा तेवढा
धुवून, पुसून
चुलीजवळ उपडा ठेवलेला.
आई दोनदा कोठीत डोकावून आली.
त्यात काय भरायचं
अजून ठरलेलं नाही.