जन्मनोंदणी कक्ष, ट्रोब्रिज

बाळ एकोणतीस दिवसांचं आहे.
बेचाळीसच्या आत आलात ना, मी म्हणते, मग झालं.
तरी हम्मू आजोबा खुर्चीच्या कडेवरच,
टोपी गुडघ्यावर,
कुणी 'उठा' म्हणायच्या आत उठायच्या तयारीत.
तीस वर्षं या गावच्या कारखान्यात
जे मांस ते खात नाहीत, ते त्यांनी डब्यांत भरलं.
त्यांची लेक नादिया
विल्टशायरचा जाड 'र' घोळवत पत्ता सांगते,
मी टाइप करते.

बाळाचं नाव?

नादिया बापाकडे बघते.
आजोबा घसा खाकरतात आणि विचारतात,
यादी कुठे आहे?

कसली यादी?

चालणाऱ्या नावांची.

मग कळतं. साल एकोणनव्वद, मोरोक्को,
बेर्कानची कचेरी.
कारकुनाने नाव ऐकलं, कागद काढला,
त्याचं बोट वरून खाली गेलं,
खालून पुन्हा वर आलं नाही.
हे आपल्या देशाचं नाव नाही, म्हणाला.
मागे रांग होती, चारची बस होती.
'नादिया' त्यानेच सुचवलं.
चांगलं आहे नाव, आजोबा म्हणतात,
तिची काही तक्रार नाही.
आहे, नादिया म्हणते, खिडकीकडे बघत.

आमच्याकडे कसं, ते सांगू लागतात,
बातम्या एका अरबीत,
बाजार दुसऱ्या अरबीत, ती कुणी लिहीत नाही,
बँक आणि डॉक्टर फ्रेंचमध्ये.
शेळ्यांना हाक तेवढी आमची.
शेळ्यांबद्दल सरकारचं काही धोरण नव्हतं.

आता घटनेत आली म्हणे.
मागच्या उन्हाळ्यात गावच्या शाळेसमोर
ते पाटीखाली उभे राहिले, उन्हात.
अरबी वाचली. फ्रेंच वाचली.
तिसरी ओळ, नुसती वर्तुळं, फुल्या, रेघा,
ती भाच्याच्या सहा वर्षांच्या पोराने वाचून दाखवली.
तीनांतली तेवढीच माझी होती, ते म्हणतात,
आणि टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवतात.

यादी नाही, मी सांगते. तुम्ही सांगाल ते.
ते खात्री करून घेतात. दोनदा.
तिझिरी.

मी अक्षरं विचारते. ते टिपकागदावर
त्यांचा 'झ' काढून दाखवतात,
दोन्ही हात वर, दोन्ही पाय फाकलेला माणूस.
हा घालता येईल?
हा नाही. मशीन घेत नाही.
सेव्हर्नच्या पुलापलीकडे गेलात तर दाखला
वेल्शमध्येही मिळतो.
पण तिथेही हा माणूस नाही.

अर्थ विचारायला रकाना नाही, तरी मी विचारते.
चांदणं, नादिया सांगते.
सही करा. शाई आत्ता निळी दिसेल,
नंतर काळी होते, आपोआप.

चौथीत, धुळ्याला,
मी वर्गात 'मनी माय' म्हणाले होते.
बाईंनी मारलं नाही. फक्त विचारलं,
मुलांनो, हिचं काय चुकलं?
सगळे हात वर.
शेजारच्या बाकावरच्या सुमीचाही,
जिची आई नळावर माझ्या आईशी
अहिराणीतच भांडायची.

संध्याकाळी आईला फोन लावते.
माय, काय करी ऱ्हायनी?

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
ती पदर सारखा करत असावी.
मग रेडिओवरच्या बाईसारखी,
एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा:
मी स्वयंपाक करीत आहे.
आणि तू नीट बोल गं,
परदेशातून फोन केलायस ना.