मोडण्याचा आवाज

पेई हो रस्त्यावरचा भाजीवाला विचारायचा,
घरात माणसं किती?
येंगताई म्हणायची, आज अकरा फासळ्या, दोन मनगटं
आणि एक मान. मानेसाठी जाड देठाची दे.

सेलरी तिला ताजी लागे,
मोडेल पण वाकणार नाही अशी.
वाकणारी जुडी ती तिथेच परत करी:
हिच्यानं फार तर कुणी लंगडेल.

तेव्हा सिनेमे मुकेच चित्रित व्हायचे.
संवाद रात्री लिहून यायचे, कधी यायचेच नाहीत,
मग नायक नायिकेच्या डोळ्यांत बघून
एक, दोन, तीन, चार म्हणायचा.
सतरापर्यंत पोचला की प्रेम जमलं.
नंतर दुसराच कुणी, दमेकरी, गळ्याला मफलर गुंडाळून
त्या ओठांत शब्द भरायचा.
उरलेलं सगळं आम्हा दोघांकडे:
पावलं, दारं, बाह्यांची फडफड,
ओल्या टॉवेलचा सपकारा म्हणजे लाथ.
मी एकोणीस वर्षांचा.
मला वाटायचं, आपण खोटं बोलतो.

क्वुन टाँगच्या गोदामात त्या दिवशी
ती नुसते बूट बघायला आली होती,
कुणाचे कसे वाजतील ते.
खाली टीव्हीचे रिकामे खोके रचलेले,
चार थर, वर गादी.
खाम-चुन तिसऱ्या मजल्यावरून आला,
आणि कडेला, जिथे एक थर कमी पडला होता,
तिथे त्याचा हात आधी पोचला.

ती पाच पावलांवर होती.
नंतर मला म्हणाली,
काडेपेटीतली काडी मोडावी, तेवढंच रे.
तेवढंच.
त्यानं उठून अंगठा वर केला, दुसऱ्या हाताचा,
कारण कॅमेरा चालू होता.

रात्री तो पडद्यावर पडला
तेव्हा येंगताईनं माइकजवळ एक काडी मोडली.
काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला, हे काय?
हाड मोडल्यासारखं वाटत नाही.
पुन्हा रीळ मागे. पुन्हा काडी.
नाही.
मग तिनं अख्खी जुडी उचलली
आणि पिळली, चादर पिळावी तशी.
कडाड.
हां, म्हणाला तो, आता खरं वाटलं.

दोन मोडक्या काड्या मी खिशात टाकल्या.
का, ते आजही सांगता येणार नाही.

मोडलेल्या सेलरीचा नेहमीच रस्सा व्हायचा,
मीठ, आलं, डुकराची हाडं, ती मात्र खरी.
तो डबा घेऊन आम्ही हाडवैद्याकडे गेलो.
खोलीभर औषधी दारूचा उग्र वास,
खाम-चुन डाव्या हातानं चमच्याशी झटापट करत होता.
त्यानं विचारलं, माझा आवाज कसा आला?

येंगताई गप्प.
मग त्याच्या हाताला बांधलेल्या बांबूच्या पट्टीवर
तिनं नख वाजवून पाहिलं,
एकदा, दोनदा, कान जवळ नेऊन, बराच वेळ.
म्हणाली,
सोडलीस की ही मला दे.
पुढच्या सिनेमात देवळाचं जुनं दार आहे.