गरम भरडा

मंचरच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला लागून
आमची पशुखाद्याची गिरणी.
पत्र्याची शेड, आत पन्नास घोड्यांची मोटार.
गाई-म्हशींच्या आधी
रोज रात्री हे घोडे जेवतात,
त्यांच्या वैरणीचं बिल बोर्डाकडून येतं.

तेवीस वर्षं मी इथं मिस्त्री.
उजवा कान गिरणीला दिला,
डाव्यानं संसार ऐकतो.
मका कसा भरडला जातोय ते चिमटीत घेऊन सांगतो:
अंगठ्यावर घासायचा,
कणी, रवा, की नुसता फुफाटा.
पन्हळीतून गोणीत पडतो तेव्हा गरम असतो.
कायमच गरम. मला वाटायचं, ताजा आहे म्हणून.

पुण्याहून तपासणीला एक मुलगी आली.
पाठीला सॅक, हातात चिमट्यासारखं मीटर,
आडनाव शिकलगार.
गुगळे शेठ हसले, धार लावायला आलीस का?
म्हणाली, धार गेलीय कुठं ते आधी बघते.

आम्ही चहाला गेलो. मोटार चालूच,
मका नाही, काही नाही.
वीस मिनिटं ती त्या रिकाम्या घरघरीपाशी उभी.
परतलो तर वही पुढं केली,
"काका, तुमचा चहा छत्तीस रुपयांना पडला.
कपाचे पैसे वेगळे."

मग पन्हळीत हात घातला
आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.
"मका दळताय का भाजताय?"

रात्री झोप लागेना.
वीज कुठं जाते
ते तेवीस वर्षं माझ्या हाताला लागत होतं,
आणि मी त्याला ऊब म्हणत होतो.

रविवारी गिरणी उघडली.
हातोड्यांचे कोपरे घोड नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत.
उलटे करून बसवले, कोरी कड मक्याकडे.
हवेची पिशवी झटकली,
दोन-तीन वर्षांचा भुरा माझ्या डोक्यावर.
पट्टा ताणला.
चाळणीवर मात्र भांडण झालं.
मी म्हणालो, बारीक तेच चांगलं.
ती म्हणाली, कोंबडीला ठीक आहे,
गाय बसून रवंथ करते, तिला वेळ आहे,
थोडं दळण तिचं तिलाच करू द्या.
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

टनाला एकवीस युनिट जायचे, आता चौदा.
शेठनी मला कॅल्क्युलेटर दाखवला. दोनदा दाखवला.

डिसेंबर.
बाराच्या पाळीला सगुणा बाणखेले गोण्या शिवायला आली.
दाभण दातात धरलं,
सवयीनं दोन्ही हात पन्हळीखाली धरले,
आणि तशीच थांबली.
"मिस्त्री, भरडा मेला का?"

तिला समजावून सांगितलं,
ऊब होती ती बिलातली होती,
शेठच्या खिशातून फुकट जात होती.
सुतळी ओवता ओवता म्हणाली,
"फुकट कशी? मला मिळत होती की."

शेठकडं गेलो. हातमोजे मागितले.
हातमोजे आले, जाड, दोन जोड.
ते घालून सुतळी धरता येत नाही
हे घालणाऱ्यालाच कळतं.

आता ती मक्याची बुरकुंडं घमेल्यात पेटवते,
शेडच्या बाहेर, वीस पावलांवर,
आत भुरा उडतो, ठिणगी चालत नाही.
दहा गोण्या शिवते, जाते, हात शेकते,
परत येईतो बोटं पुन्हा कडक.

मी मोजत बसतो.
वीस पावलं जायला, वीस यायला,
रात्रीत किती खेपा.
हे कुठल्या वायरीला चिमटा लावला की दिसतं,
शिकलगारला फोन करून विचारायचंय.
नंबर आहे.
चहाला जाताना मोटार बंद केली
की इतकी शांतता होते,
डाव्या कानाला बुरकुंडांची तडतडसुद्धा ऐकू येते.